बसून केलेली तपासणी

सिलिंडर संपत आला की परातीत कढत पाणी घ्यावं, त्यात तो उभा करावा, म्हणजे आणखी दोन दिवस स्वयंपाक निघतो. हे ज्ञान मला नाशिकमधल्या असंख्य बायकांनी दिलं. मी गॅस एजन्सीत मेकॅनिक होतो, खिशावर एजन्सीचं नाव शिवलेला खाकी शर्ट घालून त्यांच्या ओट्यासमोर उभा असायचो, तरी मला शिकवताना त्यांना कधी संकोच वाटला नाही. "भाऊ, तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही कुठं स्वयंपाक करता," असं म्हणून त्या पुढचा धडा घ्यायच्या. सिलिंडर आडवा करून लोळवला की कोपऱ्यात राहिलेला गॅस बाहेर येतो. सिलिंडरला कोपरे नसतात, हे मी सांगून पाहिलं. त्यावर एक आजी म्हणाल्या, "तुमच्या एजन्सीच्या नसतील."

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा गॅसला नंबर लावावा लागायचा. अर्ज केलेल्या माणसाचं लग्न होऊन त्याचं पोरगं शाळेत जायला लागलं की कनेक्शन यायचं. त्यामुळे सिलिंडर घरात यायचा तो नवऱ्या मुलासारखा. ओवाळून आत घ्यायचे. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार, हळदकुंकू, आणि रेग्युलेटरच्या फटीत खोचलेली पेटती उदबत्ती. ही उदबत्ती विझवताना मी जेवढा घामाघूम झालो तेवढा भर उन्हाळ्यात गोदामातही झालो नसेन. सातपूरला एका गृहस्थांनी सिलिंडरसाठी खास लाकडी कपाट करून घेतलं होतं, कुलपासकट. आमचा टेम्पोवरचा सोपान ते कपाट बघून म्हणाला, "दादा, आग लागली तर आधी चावी शोधायची का?" गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, "चावी देवघरात असते."

सोपान मूळचा पेठ तालुक्यातला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. भरलेला सिलिंडर खांद्यावर टाकून तीन मजले चढायचा आणि वर पोचल्यावर बाई काय म्हणतील ते जिन्यातच मला आधी सांगायचा. "आता म्हनतील, हलका वाटतो." आणि बाई तेच म्हणायच्या.

न कळणाऱ्यांसाठी थोडं धंद्याचं सांगतो. हा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, दाबून पाण्यासारखा पातळ केलेला. त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो कुजका वास मुद्दाम मिसळलेला असतो, गळती नाकाला कळावी म्हणून. आणि हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर उडून जात नाही, सांडलेल्या पाण्यासारखा फरशीवर पसरतो आणि खालीच साचून राहतो. म्हणून वास आला की आधी रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, आणि दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. गळती शोधायची ती साबणाच्या फेसानं. फेसाला बुडबुडा आला की गळती तिथं.

पंचवटीतले एक निवृत्त हेडमास्तर मात्र म्हणायचे, "फेस हा पुरावा नव्हे." ते काडी ओढून बघायचे. एकदा त्यांना पुरावा मिळाला. मी पोचलो तेव्हा मास्तर डाव्या बाजूच्या अर्ध्या मिशीनिशी ओसरीवर बसले होते. मी म्हणालो, "सर, सिद्ध झालं?" ते म्हणाले, "झालं. पण पद्धत बरोबरच होती."

असे किस्से मी लग्नाकार्यात पुष्कळ सांगितले. लोक हसतात, वाढपी पुन्हा जिलबी वाढतो. एक किस्सा मात्र मी कधीच सांगितला नाही. माझ्या आळसामुळे एक बाई भाजली आणि माझ्या खोटेपणामुळे त्याचा आळ तिच्या सुनेवर आला. त्या सुनेचं नाव शोभा. बारा वर्षं तिनं तो आळ वाहिला, आणि खरं काय ते ठाऊक असलेला माणूस मी एकटा होतो. तो आता सांगतो.

आमच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा होता, आणि गॅसच्या धंद्यात भित्रेपणा हा गुण आहे. रात्री कुठं फटाका वाजला तरी ते उठून बसत, असं त्यांच्या घरचे सांगायचे. कारण साधं होतं. कुणाच्या घरात काही भडकलं की पहिला प्रश्न एजन्सीला यायचा: यांच्याकडची तपासणी कधी झाली? कागद दाखवा. कागद असेल तर चूक ग्राहकाची, नसेल तर चूक तुमची. अण्णांचं एक वाक्य होतं, "अपघात देवाच्या हातात, कागद आपल्या हातात."

हा कागद म्हणजे तपासणीचा छापील फॉर्म. मेकॅनिकनं ठराविक काळानं प्रत्येक घरी जायचं, नळी वाकवून बघायची, रेग्युलेटर बघायचा, शेगडी बघायची, फेस लावायचा, बाईंना चार गोष्टी सांगायच्या आणि सही घ्यायची. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात दार वाजवलं की आतून आवाज यायचा, "कोण?" "गॅसवाला, तपासणीला." "आमचा चांगला चाललाय, नको." एका घरी तर बाईंनी सांगितलं, "साहेब झोपलेत, सिलिंडरही तिकडेच आहे." तो तिकडे का होता, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्या वर्षी कंपनीचा अधिकारी तपासणीला येणार असं कळलं आणि आमचे फॉर्म निम्मेसुद्धा भरलेले नव्हते. अण्णांनी गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "शनिवारपर्यंत पूर्ण करा." खोटे भरा असं ते म्हणाले नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढची कित्येक वर्षं मी मनातल्या मनात ते त्यांच्या तोंडी घालत होतो. पूर्ण करा, एवढंच म्हणाले. शनिवारपर्यंत पायांनी ते होणं शक्य नव्हतं. बसून होणं शक्य होतं.

दिंडोरी रोडला गोदामाबाहेर एक चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर मी आणि सोपान दोन दुपारी बसलो आणि बसल्या बसल्या निम्म्या पंचवटीची तपासणी केली. नळी: ठीक. रेग्युलेटर: ठीक. शेगडी: ठीक. ग्राहकास सुरक्षेची माहिती दिली: होय. सह्यांची आम्ही वाटणी केली होती. सोपानचं शिक्षण चौथी, पण त्याला 'सौ.' फार सुंदर काढता यायचं, म्हणून बायकांच्या सह्या त्याच्याकडे. पुरुषांच्या माझ्याकडे. म्हाताऱ्या माणसाची सही मी डाव्या हातानं करायचो, म्हणजे हवी तशी थरथरायची. सोपान माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, तुमी तं घरोघर जाऊन आल्यासारखे दमले."

त्या गठ्ठ्यात मखमलाबाद रोडच्या गणपतरावांचा फॉर्म होता. डाव्या हातानं केलेली सही मला आजही आठवते. चांगली जमली होती.

दोन महिन्यांनी, थंडीच्या दिवसांत, सकाळी एजन्सी उघडतानाच गणपतरावांचा मुलगा दिलीप सायकल टाकून आत धावत आला. "गॅस भडकला. आई भाजली."

अण्णांनी खुर्चीतून उठून आधी फाईलींच्या कपाटाला हात घातला. मग त्यांचं त्यांनाच कळलं असावं; हात तसाच मागं घेतला, आणि स्वतःची व्हॅन काढून दिलीपच्या आईला, माईंना, दवाखान्यात घेऊन गेले. मी सोपानला घेऊन त्यांच्या घरी पोचलो; तो बाहेरच थांबला.

बैठं घर. गणपतराव ओसरीवर येरझारा घालत होते. निवृत्त झालेले, पण घरात अजून साहेब. शोभा, त्यांची सून, विशीतली, लग्न होऊन दीड वर्ष झालेलं, तुळशीजवळ बसली होती. तिच्या हातात ओलं धुणं होतं आणि ते खाली ठेवायचं तिला सुचत नव्हतं. झालं होतं ते असं: तिनं चहा केला आणि धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली. स्वयंपाकघराची खिडकी थंडीमुळे बंद. माई आंघोळ करून आत आल्या, देवघर खाली जमिनीलगत, काडी ओढली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, भुवया गेल्या, देवघराचा पडदा गेला. आत शिरताना वास आला नाही का, तर माई तपकीर ओढायच्या. त्यांना मोगरा आणि रॉकेल सारखंच.

मी आत गेलो. सिलिंडर बंद केला आणि नळी हातात घेतली. हिरवी रबरी नळी, किती वर्षांची ते देव जाणे. रेग्युलेटरच्या तोंडाशी वाकवली तर टाचेला पडतात तशा भेगा उघडल्या. तपासणीला जो कुणी आला असता, त्याला त्या दोन महिन्यांपूर्वीही दिसल्या असत्या. आंधळ्याला बोटांनी कळल्या असत्या.

दारातून शोभा म्हणाली, "दोन दिवस वास येत होता. मी सांगितलं होतं."

गणपतराव म्हणाले, "नवा सिलिंडर होता. नव्याला येतोच. मीच तिला म्हणालो." मग माझ्याकडे वळून विचारलं, "कशानं झालं हो?"

नळी माझ्या हातात होती. एजन्सीत फाईल होती, फाईलीत माझ्या अक्षरात 'नळी: ठीक' होतं, आणि घरी माझी दोन महिन्यांची मुलगी होती. मी म्हणालो, "शेगडीचं बटण थोडंसं उघडं राहिलं असणार."

'थोडंसं' हा शब्द मी दयेनं घातला होता.

शोभा म्हणाली, "मी बंद केलं होतं." एकदाच. मग गणपतराव तिच्याकडे बघत राहिले आणि ती गप्प झाली.

नवीन नळी लावून मी जुनी पिशवीत घातली. नाशिककर आपली पापं गोदावरीत सोडतात. मीही संध्याकाळी पुलावर सायकल थांबवून ती नळी सोडली. रबर बुडत नाही. ती तरंगत तरंगत गेली आणि मी ती दिसेनाशी होईपर्यंत कठड्याला टेकून उभा होतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला वाटलं मी अस्थी सोडतोय. त्यानं हात जोडले.

चौकशीला कंपनीचा अधिकारी आला. अण्णांनी फॉर्म पुढं केला. अधिकाऱ्यानं गणपतरावांना विचारलं, "ही सही तुमची?" गणपतरावांनी चष्मा काढला, पुसला, लावला, कागद खिडकीपाशी नेला आणि म्हणाले, "माझीच."

तेव्हा मला वाटलं देव पावला. आता कळतं. घरात माणूस येऊन गेला आणि आपल्याला आठवत नाही, हे त्यांना कबूल करायचं नव्हतं. आणि वास येतोय म्हणणाऱ्या सुनेला गप्प त्यांनी केलं होतं. तो कागद मला हवा होता तेवढाच त्यांनाही हवा होता. अधिकाऱ्यानं 'ग्राहकाचा निष्काळजीपणा' असं लिहिलं आणि त्याच शोभाच्या हातचा चहा पिऊन गेला.

माई महिन्याभरात बऱ्या झाल्या. हातावर डाग राहिला. जो समाचाराला येई त्याला डाग दाखवून त्या सांगायच्या, "काय करणार, नवी पोर, बटण राहिलं हिच्याकडून." रागानं नाही, कौतुकानं म्हणावं इतक्या मायेनं. म्हणूनच ते घरभर, गल्लीभर आणि शोभाच्या माहेरी चांदवडपर्यंत पोचलं. रागावलेल्या सासूचं कोण ऐकतं.

मी माझ्या परीनं प्रायश्चित्त घेतलं. वर्षातून दोनदा, न बोलावता, त्या घरी जायचो. नळी बदलायचो, फेस लावायचो, शेगडी साफ करायचो. गणपतराव शेजाऱ्यांना सांगायचे, "मेकॅनिक असावा तर असा." माई चहा घ्यायला लावायच्या. मी काम करत असताना शोभा दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "भाऊ, तुम्ही इतकं तपासून जाता, तरी मला खात्री वाटत नाही. रिक्षा स्टँडवरून परत येते मी, बटण बघायला." दिलीप आतून हसून म्हणाला, "वणीला निघालो होतो, तर दिंडोरीहून जीप वळवली हिच्यासाठी." सगळे हसले. तीही हसली. मी शेगडीचा बर्नर घासत राहिलो. इतका घासला की तो बदलावा लागला.

पुढं एजन्सी सुटली. मी पंचवटीत शेगडी दुरुस्तीचं दुकान टाकलं. नारिंगी नळ्या आल्या, नंबर लावायला फोन आले, अण्णांनी एजन्सी मुलाकडे दिली. सोपान गावी जाऊन भात आणि नागली करतो. माझी दोन महिन्यांची मुलगी कार्ट्यासारखी उलट बोलायला लागली. मला वाटलं होतं, विषय जुना झाला.

या वर्षी एप्रिलमध्ये बचत गटाच्या दोघी दुकानात मोठी शेगडी बघायला आल्या. शाळेच्या खिचडीचं काम त्यांना मिळालं होतं. बोलता बोलता एक म्हणाली, "हाताला चव आहे ती मखमलाबाद रोडच्या शोभाच्या. पण ती यायला तयार नाही. म्हणते, पोरांचं जेवण आहे, माझ्या हातून गॅस चालू राहतो."

मी त्यांना शेगडी दाखवली, नळीची माहिती दिली. ही माहिती खरी दिली. त्या गेल्या आणि मी दुकान तसंच उघडं टाकून निघालो.

दुपार होती. गणपतराव, माई, शोभा, तिघंही घरी. गणपतराव आता ऐंशीच्या पुढचे. मला बघून म्हणाले, "या. तपासणीला?" मी म्हणालो, "हो. बारा वर्षं उशिरा." आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टपरी, बाक, भेगा, पूल, सगळं. शेवटी म्हणालो, "त्या फॉर्मवरची सही मी केली होती, काका."

गणपतराव म्हणाले, "काहीतरीच. माझी होती ती. मी ओळखली होती."

माई म्हणाल्या, "अहो, तो म्हणतोय ना त्यानं केली."

"तो काहीही म्हणेल. माझी सही मला कळत नाही?"

"डाव्या हातानं केली म्हणतोय."

"मग डाव्या हाताची असेल, पण माझी होती."

माईंनी त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं. पदराखालून उजवा हात काढला, डागाकडे बघितलं आणि परत झाकला. त्यानंतर मी तिथं असेपर्यंत तो हात बाहेर आला नाही. मग त्या उठल्या आणि शोभाला म्हणाल्या, "तू बस. चहा मी ठेवते."

शोभा बसली नाही. तिनं विचारलं, "भेगा कुठं होत्या?"

"रेग्युलेटरच्या तोंडाशी."

"म्हणजे बटणाचा काही संबंध नाही."

"नाही, वहिनी."

"बटण बंद असतं तरी गळला असता."

"बंद होतं, आणि तरी गळला."

मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "वर्षातून दोनदा यायचात तुम्ही. इथं बसून चहा प्यायचात." मग आवाज न चढवता, "मी दारात उभी असायचे."

आत माई भांड्यांचा आवाज करत होत्या, गरजेपेक्षा जास्त.

मी म्हणालो, "दिलीपरावांनाही सांगतो. संध्याकाळी येतो. म्हणाल तर चांदवडलाही जाऊन येतो."

"नको. एकेकाला सांगत कुठवर फिराल? तुमच्या मागं लोक म्हणतील, गॅसवाल्याला दया आली." तिनं थोडा विचार केला. "लिहून द्या. छापून येईल असं."

योगायोग असा, की या अंकाच्या संपादकांनी आठवड्यापूर्वीच शेगडी दुरुस्तीला आणली होती आणि धंद्यातल्या गमती लिहा म्हणून मागं लागले होते. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "गमती लिहा की. पोट धरून हसवा. हसत हसत वाचतील तर शेवटपर्यंत वाचतील. आणि वाचनालयात तो अंक येतो, आमची सगळी गल्ली वाचते."

"नाव बदलून लिहितो," मी म्हणालो.

"का? बारा वर्षं लोक माझंच नाव घेऊन बोललेत. तेच घाला. आडनाव नको, ते मामंजींचं आहे, त्यांना आवडणार नाही."

ओसरीवरून गणपतराव म्हणाले, "सहीचं लिहू नका."

सहीचं लिहिलं. त्यांची क्षमा मागतो. शोभावहिनी खिचडीच्या कामाला जाणार का, हे मी विचारलं नाही. तो हक्क मला नाही.

मखमलाबाद रोडवर ज्यांनी ज्यांनी ऐकलं असेल, चांदवडला ज्यांच्यापर्यंत पोचलं असेल, त्या सगळ्यांसाठी, तेव्हाचा एजन्सीचा मेकॅनिक म्हणून मी लिहून देतो: त्या सकाळी चहा झाल्यावर शोभानं शेगडीचं बटण पूर्ण बंद केलं होतं, आणि नंतर ती धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली.